मोजल्याशिवाय हाउसिंग बंद करायचं नाही

आधी त्या दूधवाल्याला फोन कर. आत्ता, माझ्यासमोर. त्याला सांग की पिकअप उद्या करूळ घाटात उतरवायची नाही. वैभववाडीला दूध पोचवायला दुसरी गाडी ठरवून दे आणि तिचं भाडं तुझ्या खिशातून भर. त्याला काय वाटेल याची काळजी नंतर कर. फोन झाला की ये आणि बस.

झाला? आता ऐक, आणि मी बोलेपर्यंत मध्ये बोलू नकोस.

गाडी अंगणात वळवताना मागची चाकं फरफटत होती. मुरमावर त्यांचे ओरखडे उठले. तेवढ्यावरून मला कळलं की तू डिफरन्शियलचे स्टार पिनियन आणि सन गिअर वेल्डिंगनं एकमेकांना जोडून टाकलेत. दोन वर्षं माझ्या वर्गात बसून, मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून तू हे केलंस. वर त्या माणसाला सांगितलंस की गाडीला ‘लॉक’ बसवलाय. तो गगनबावड्याच्या वाड्यांवरून पहाटे दूध गोळा करतो. पावसाळ्यात लाल चिखलात त्याचं एक चाक फिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. त्याची अडचण खरी आहे, तिच्यावर उपायही आहे. तू दिलास तो उपाय नव्हे.

फळ्याकडे बघ. मागच्या दोन चाकांत साधारण १.४ मीटर अंतर धर. घाटात उलटं फिरवणारं वळण म्हणजे अर्धं वर्तुळ. बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा किती जास्त चालेल? ३.१४ गुणिले १.४, म्हणजे ४.४ मीटर. वळण ऐसपैस असो की चिंचोळं, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो त्रिज्येवर नाही, चाकांमधल्या अंतरावर ठरतो. आता टायरचा घेर काढ. ७० सेंटिमीटर व्यास धरला तर २.२ मीटर. म्हणजे अशा एका वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा पूर्ण दोन फेऱ्या जास्त घ्याव्या लागतात. तू त्या दोन फेऱ्यांची वाटच बंद केलीस. मग त्या जाणार कुठं? टायर रस्त्यावर घासणार, नाहीतर एक्सल शाफ्ट पिळणार. कोरड्या डांबरावर शाफ्ट पिळतो आणि ओल्या डांबरावर मागचा भाग सरकतो. गगनबावड्यात पावसाळ्याचे चार महिने रस्ता ओलाच असतो. घाटात एका बाजूला दरी आहे, आणि त्याच्या हौद्यात भरलेले कॅन. कधी कॅनशेजारी दोन माणसंही बसतात. बसायला नकोत, कायद्यानं मनाई आहे, पण बसतात हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

हा गुंता सोडवण्यासाठीच डिफरन्शियल जन्माला आला. १८२० च्या दशकात पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी ती गिअररचना मांडली. पुढं दोनशे वर्षं जगभरच्या लोकांनी ती घासूनपुसून सुधारली. तू ती एका दुपारी इलेक्ट्रोडनं बुजवलीस.

आणि ती बुजलेली तरी राहील का? ते गिअर कार्बरायझिंग करून वरून कडक केलेल्या पोलादाचे असतात. साध्या इलेक्ट्रोडनं त्यावर वेल्ड मारला की वेल्डच्या कडेचा पट्टा ठिसूळ होतो. त्यावर रोज उलटसुलट ताण आला की तडा जाणार. तडकलेला तुकडा कुठं पडेल? खाली, तेलात. तिथून तो क्राउन आणि पिनियनच्या दातांत गेला की मागची दोन्ही चाकं एका क्षणात जाम. उतारावर, भरल्या गाडीत. असं झालं तर ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला होता की नव्हता, यानं काही फरक पडत नाही.

मघाशी तू म्हणालास, ‘सर, उघड्या डिफरन्शियलमध्ये सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते, म्हणून दुसरं चाक मरतं.’ हे चूक आहे, आणि सगळं बिघडलंय ते इथून. घर्षण सोडलं तर उघडा डिफरन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतो. चिखलातलं चाक जेवढा टॉर्क पेलतं, तेवढाच दुसऱ्याला मिळतो. समज, चिखलातलं चाक २०० न्यूटन-मीटरला घसरतं. मग खडकावर उभं असलेल्या चाकालाही २०० च मिळणार, ते २००० पेलू शकत असलं तरी. गाडी अडते ती एवढ्यासाठी. हे एकदा नीट कळलं की पहिला उपाय आपोआप सुचतो. घसरणाऱ्या चाकाची पकड वाढव, म्हणजे दोन्ही चाकांची ताकद वाढेल.

तू त्याचे मागचे टायर बघितलेस का? मी बघितले. रिमोल्ड केलेले, तेही गुळगुळीत. पहाटे निघताना हौदा रिकामा असतो, मागच्या चाकांवर वजन नसतं, आणि तो अडकतो नेमका जातानाच. येताना कॅन भरले की गाडी त्याच चिखलातून निघते. तो स्वतःच सांगत होता. तू ऐकून घेतलंस, पण विचार केला नाहीस. जाताना एक्सलच्या वर वाळूची चार पोती बांधून ठेवली असती आणि मागं खोल नक्षीचे दोन नवे टायर घातले असते, तर त्याची निम्मी तक्रार संपली असती. त्यात तुझी मजुरी फारशी झाली नसती. गिऱ्हाइकाला आधी स्वस्त उपाय सांगायचा. तो पुरला नाही तरच हाउसिंग उघडायचं.

आणखी एक गोष्ट मालकाला कुणीच सांगत नाही. आडव्या उताराच्या रस्त्यावर उघड्या डिफरन्शियलचं एक चाक फिरलं, तर दुसरं थांबलेलं असतं आणि ते गाडीची शेपूट जागेवर धरून ठेवतं. दोन्ही चाकं एकत्र बांधली आणि दोन्ही घसरली की धरून ठेवणारं कुणी उरत नाही. मग मागचा भाग उताराकडं सरकतो. चांगल्यातला चांगला लॉकर बसवला तरी हे होतं. म्हणून लॉकर बसवून देणाऱ्यानं गाडी कुठल्या रस्त्यावर चालते हे आधी विचारायचं असतं.

आता ते खोकं काढ. भंगारातून आणलेला, एका थारमधून निघालेला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. वस्तू चांगली आहे. २०१५ पासून थारला मागं हा ईटनचा डिफरन्शियल मिळायला लागला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पिकअपना तो १९७० च्या दशकापासून येतोय. एरवी तो उघड्या डिफरन्शियलसारखा चालतो, वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतल्या गव्हर्नरची वजनं बाहेर फेकली जातात, खिटीत अडकतात, कॅम चढतो, क्लच पट्ट्या दाबल्या जातात आणि दोन्ही बाजू एक होतात. गाडीचा वेग तासाला तीसेक किलोमीटरच्या वर असेल तर तो लागत नाही, तशी दुसरी खिटी त्यात आहे. घाटात वेगानं उतरणाऱ्या गाडीला तो आडवा येत नाही, म्हणून त्या माणसासाठी ही निवड बरोबर आहे. हे मी मान्य करतो.

पण मिनिटाला १०० फेऱ्या म्हणजे किती, हे तू मोजलंस का? २.२ मीटर घेर धरला तर मिनिटाला २२० मीटर, तासाला तेरा किलोमीटर. एवढ्या हलक्या फिरण्यावर तो लागतो. ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून चाक भन्नाट फिरवलं आणि मग तो लागला, तर तो धक्का कॅमला, क्लचला आणि शाफ्टला बसतो. फुटलेले लॉकर बहुतेक अशानंच फुटतात. तू आणलेल्याचा पहिला मालक कसा चालवायचा, तुला माहीत आहे का? नाही. मग तो पूर्ण खोलायचा. क्लच पट्ट्या, कॅमची उतरण, गव्हर्नरचे दात, सगळं भिंगाखाली बघायचं. कॅमवर एक जरी तुटका कोपरा दिसला तर खोकं परत भंगारवाल्याकडं. पैसे बुडाले तर बुडाले.

तो बसेल की नाही हे डोळ्यांनी ठरवू नकोस. एक्सल शाफ्टच्या स्प्लाइन मोज, त्यांचा व्यास मोज. बेअरिंगच्या बैठकीचा व्यास मोज. क्राउन बसायची कड, बोल्टांचं वर्तुळ आणि क्राउनच्या पाठीपासून बेअरिंगच्या बैठकीपर्यंतचं अंतर जुन्या केजशी ताडून बघ. थारची आणि या पिकअपची कंपनी एकच आहे म्हणून माप एकच असेल असं धरून चालायचं नाही. कुठं तफावत निघाली तर काम तिथंच थांबव. घासून, बुश घालून, फाइल मारून बसवलेला लॉकर मी या शेडमधून बाहेर जाऊ देणार नाही.

आणि शाफ्ट. आता मी सांगतो ते वहीत लिहून घे. समज, इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४, क्राउन-पिनियनचं ४. मागच्या एक्सलला ३२०० येतात. उघड्या डिफरन्शियलमध्ये ते अर्धेअर्धे वाटले जातात, एका शाफ्टवर १६०० च्या वर जात नाहीत. लॉकर लागला आणि एक चाक हवेत असलं, तर सगळेच्या सगळे ३२०० एकट्या शाफ्टवर. जुन्या गाडीच्या जुन्या शाफ्टवर दुप्पट भार. त्यात तुझ्या वेल्डिंगनं ते इतके दिवस पिळले गेलेत. दोन्ही शाफ्ट बाहेर काढ आणि स्प्लाइनच्या रेषा बघ. सरळ असल्या तर ठीक. दोरीच्या पिळासारख्या किंचित जरी वळलेल्या दिसल्या, तर तो शाफ्ट संपलाय. गाडीला सेमी-फ्लोटिंग एक्सल असेल तर शाफ्ट तुटला की चाकाचाही भरवसा उरत नाही, कारण गाडीचं वजन त्याच शाफ्टवर उभं असतं. नवीन शाफ्ट, नवीन बेअरिंग, नवीन सील. मालकाला हे आजच सांग, खर्चाचा आकडा कागदावर लिहून दे. अर्धं काम झाल्यावर सांगशील तर तो नाइलाजानं हो म्हणेल, आणि नाइलाजाचा होकार मला चालत नाही.

आता उघडण्याची पद्धत. तू मागच्या वेळी काय केलं असशील ते मला न उघडताही सांगता येतं. बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर एकही खूण नसेल. त्या कॅप हाउसिंगवर बसवून एकत्र बोअर केलेल्या असतात. डावी उजवीकडं किंवा उलटी बसली की बेअरिंग वाकडं बसतं. सोडवायच्या आधी पंचनं खूण करायची. डावीला एक ठिपका, उजवीला दोन, आणि तेच ठिपके हाउसिंगवर. यावेळी कुठली कुठं होती हे घासल्याच्या खुणांवरून शोधून काढ. सापडलं नाही तर मला बोलव.

तेल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतोय का ते बघ. जुन्या गाडीत तो गंजून बसलेला असतो. तेल काढून टाकलं आणि भरायचा प्लग सुटलाच नाही, तर गाडी तशीच अडकून पडते. तेल पांढऱ्या कापडातून गाळ, त्यात तुझ्या वेल्डिंगचे कण निघतात का बघ. हाउसिंग डिझेलनं धू, आणि ब्रीदर साफ कर. ब्रीदर तुंबला की गरम तेल सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. दूध घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीच्या लायनरवर तेल म्हणजे काय, ते तुला समजावून सांगायची गरज पडू नये.

केज बाहेर काढण्याआधी डायल गेज लाव. क्राउनचं बॅकलॅश चार ठिकाणी मोज आणि लिहून ठेव. ही चाललेली जोडी आहे. तिचे दात एकमेकांना घासून बसलेत, म्हणून जे बॅकलॅश आज आहे तेच परत आणायचं. नव्या क्राउन-पिनियनला अशा हलक्या गाड्यांत साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर धरतात, पण अंतिम शब्द सर्व्हिस मॅन्युअलचा. डाव्या शिम डाव्या डब्यात, उजव्या उजव्या डब्यात, प्रत्येकीची जाडी मायक्रोमीटरनं मोजून. पिनियनला हात लावू नकोस. बॅकलॅश बदलायचं झालं तर एका बाजूची शिम काढून तेवढीच जाडी दुसऱ्या बाजूला घालायची, म्हणजे बेअरिंगचा प्रीलोड हलत नाही. हे तुला परीक्षेत विचारलं होतं. तू बरोबर लिहिलं होतंस, म्हणूनच मला जास्त राग येतोय.

क्राउन नव्या केजवर बसवताना ओव्हनमध्ये किंवा गरम तेलात तापव. टॉर्चची ज्योत त्याला दाखवायची नाही, दातांचं पाणी उतरेल. तिरका बसलेला क्राउन बोल्टनं ओढून आणायचा नाही. बोल्ट नवे, आट्या कोरड्या करून थ्रेडलॉक लावलेले, आणि समोरासमोरचे क्रमानं घट्ट करायचे, टॉर्क रेंचनं. हाताच्या अंदाजानं नाही. मग क्राउनची पाठ डायल गेजखाली फिरवून धाव बघायची. त्यानंतर दातांना प्रशियन ब्लू लाव, पिनियनला हातानं रोध देऊन दोन्ही दिशांना फिरव आणि ठसा बघ. दाताच्या मधोमध, आतल्या टोकाकडं किंचित झुकलेला चालेल. बाहेरच्या टोकाला, माथ्याला किंवा मुळाशी गेला तर परत उघडायचं. दोनदा उघडावं लागेल, तीनदा लागेल. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळाचेच पैसे गिऱ्हाईक तुला देतं.

डायल गेज नाही, मायक्रोमीटर नाही, हे कारण मला सांगू नकोस. तू कोल्हापूर जिल्ह्यात गॅरेज चालवतोस. उद्यमनगरात गल्लीगल्लीत माणसं लेथवर मिलिमीटरच्या शतांशात काम करतात. कुणाच्याही दारात उभा राहिलास तर एका दिवसापुरतं गेज मिळेल. तू मागायला गेला नाहीस, कारण मोजलं तर चूक दिसेल आणि चूक दिसली तर पुन्हा खोलावं लागेल, हे तुला ठाऊक होतं. तुझ्या हातात कसब आहे. तुझं वेल्डिंग मी वर्गात इतरांना दाखवायचो. त्याच हातानं तू अडलेल्या माणसाला फसवलंस. मुद्दाम नाही, आळसानं. त्या माणसाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच.

तेल जीएल-५ प्रतीचं, मॅन्युअल सांगेल त्या ग्रेडचं. लिमिटेड-स्लिपचं ॲडिटिव्ह या डिफरन्शियलमध्ये घालायचं नाही, पट्ट्या घसरतील. आठशे किलोमीटरनंतर ते तेल बदलायचं, तेही तुझ्या खर्चानं. कागदावर तारीख लिहून दे.

आणि गाडी ताब्यात देताना किल्ली हातावर ठेवून मोकळा होऊ नकोस. शेजारी बसून त्याला चिखलात घेऊन जा. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर हलका आणि एकसारखा ठेवायचा, लॉक लागल्याचा धक्का पायाला कसा कळतो, हे त्याला करून दाखव. पंक्चरचं तर नक्की सांग. एकच चाक जॅकवर उचलून, गिअर टाकून इंजिन चालू करायचं नाही. उघड्या डिफरन्शियलमध्ये उचललेलं चाक नुसतं फिरतं. इथं लॉक लागला तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून पुढं ढकलेल, आणि खाली माणूस असेल. पंक्चरवाल्याला हे कसं कळणार? म्हणून डॅशबोर्डवर आणि मागच्या फळीवर, दोन्हीकडं, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून चिकटव. पुढचा मेकॅनिक कोण असेल ते तुझ्या हातात नाही.

वेल्डिंगचे घेतलेले पैसे त्याला परत कर, आजच. केज बसवलीस की बॅकलॅशचे चारही आकडे आणि दोन्ही बाजूंच्या ठशांचे फोटो मला पाठव. मी हो म्हटल्याशिवाय मागचं कव्हर चढवायचं नाही. मालक घाई करायला लागला, शनिवारच्या आत गाडी हवीच म्हणाला, तर त्याला माझा नंबर दे. त्याच्याशी मी बोलेन.